तळ्यातल्या गणपतीचं तळं : पुणे महानगरपालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, तसेच वारसा, उद्यान आणि मलनिस्सारण विभागांचे प्रमुख,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

सारसबागेत पुन्हा तळं करा, अशी मागणी मी करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्र पहिल्या परिच्छेदातच बाजूला पडायचं. मागणी फार साधी आणि बरीच स्वस्त आहे. ती समजायला मात्र पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागेल, तेव्हा थोडा वेळ द्या.

सारसबागेतल्या सिद्धिविनायकाला पुणेकर तळ्यातला गणपती म्हणतात. थंडीत या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, त्याचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रात येतात. दिवाळीच्या पहाटे हजारो पणत्या लागतात. पण तिथे दर्शनाला आलेल्या दहा जणांना विचारा, तळं कुठलं हो? आठ जण देवळालगतच्या कमळांच्या पाण्याकडे बोट दाखवतील. उरलेले दोन म्हणतील, होतं पूर्वी कुठेतरी. मी शाळेत भूगोल शिकवायची. मुलांना बागेत नेलं की हाच प्रश्न यायचा आणि उत्तर देताना मी हात वाऱ्यावर फिरवायची : इथून तिथपर्यंत. तिथपर्यंत म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे जमिनीवर उभं राहून कुणालाच दाखवता येत नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ खेळताना निदान मधली रेघ तरी आखलेली असते.

मूळ गोष्ट अशी. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं, त्याची प्रतिष्ठापना 1749 साली झाली. त्याच सुमारास त्यांनी पुण्याच्या पाण्याचं काम हाती घेतलं होतं. कात्रजला बंधारे घालून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. वाटेतले उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे बांधीव मनोरे, आणि हौद आजही अधूनमधून कुणाच्या तरी खोदकामात सापडतात, मग दोन दिवस बातम्या येतात. कात्रजच्याच डोंगरातून उतरणारा आंबील ओढा तेव्हा गावातून वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेबांनी त्याला पर्वतीच्या पायथ्याशी अडवून वळवलं. डोंगराच्या कुशीत आयती खोलगट जागा होती. 1750 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे तळं उभं राहिलं. सगळी जमीन मात्र खोदली नाही, मधला एक तुकडा तसाच राखला. हा तुकडा सुमारे 25,000 चौरस फुटांचा होता असं सांगतात. गुंठ्यांत मोजायचं तर तेवीस गुंठ्यांच्या आतबाहेर. आजच्या एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीएवढी जागा, चारही बाजूंनी पाणी. त्या बेटावर बाग केली, तीच सारसबाग.

म्हणजे आधी बेट, मग बाग, आणि देऊळ सर्वांत शेवटी. आज आपल्याला हे सगळं उलट दिसतं : देऊळ मुख्य, भोवती बाग, आणि बेट तर डोक्यातच येत नाही.

तळ्याच्या कामाची एक आख्यायिका पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. काम रेंगाळलेलं पाहून नानासाहेब हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. मग काय, सरदार-दरकदार सगळेच लाजून हात लावायला धावले. गोष्ट गोड आहे. पण ती ऐकताना मला नेहमी वाटतं, की पेशव्यांनी एक दिवस दगड उचलले ते अडीचशे वर्षं लक्षात राहिलं आणि ज्यांनी रोज उचलले त्यांचं नाव गोष्टीत नाही. ते रोजकीर्दीत, खर्चाच्या कागदांत असलं तर असेल. पेशवे दप्तर पुण्यातच आहे, पुराभिलेखागारात. त्यातले पर्वतीच्या तळ्याचे कागद एकत्र काढून लोकांपुढे ठेवता आले तर आख्यायिकेला बरोबरीचा जोडीदार मिळेल. तेवढं एक काम तुमच्या वारसा विभागाने भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवावं. 1910 पासून कागदांत बसलेली माणसं आहेत ती, त्यांना हे सांगावंसुद्धा लागणार नाही.

दुसरी आख्यायिका नावाड्यांची. पेशवे तळ्यात नौकाविहार करत आणि नावेतच राजकारणाची खलबतं चालत. ती फुटू नयेत म्हणून वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवले होते, असं म्हणतात. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण शनिवारवाड्यात कान कमी नव्हते. तेव्हा चहूबाजूंनी पाणी असलेली जागा बोलायला बरी वाटली असेल, हे पटण्यासारखं आहे. तळं शोभेचं होतं तसंच सोयीचंही होतं. एकीकडे ओढ्याचा लोंढा पोटात घ्यायचा, दुसरीकडे श्रीमंतांची हौस भागवायची, असं दुहेरी काम त्याच्याकडे होतं.

आणि तळ्याने वाईट दिवसही पाहिले. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. सदाशिवरावभाऊ गेले, विश्वासराव गेले. खचलेले नानासाहेब पुण्याला परतले आणि 23 जून 1761 ला पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या त्या शेवटच्या दिवसांत पायथ्याशी त्यांचं तळं होतं. आज पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून गेलं की नानासाहेबांच्या निधनाची जागा दाखवतात, पण त्यांच्या हातचं सर्वांत मोठं काम, जे समोर खाली पसरलेलं होतं, ते दाखवायला काही नाही. झाडांचे शेंडे दिसतात, स्वारगेटची गर्दी ऐकू येते.

गणपती या बेटावर आला 1784 साली. गादीवर सवाई माधवराव होते, वय वर्षं दहा. कारभार अर्थात नाना फडणवीसांचा. पोराच्या नावावर देऊळ झालं की पोराच्या हट्टाने, हे मला सांगता येणार नाही, पण त्या मुलाला प्राण्यांचं भारी वेड होतं हे नक्की. पर्वतीच्या पायथ्याशीच त्याचा शिकारखाना होता. दहा-बारा वर्षांचा पेशवा, एका हाताला जनावरं, दुसऱ्या हाताला तळं आणि तळ्याच्या मधोमध गणपती! पुण्याच्या इतिहासात एवढी लहान मुलाला साजेशी जागा दुसरी नसेल. पुढे एकविसाव्या वर्षी त्याचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

1817 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरूनच खडकीची लढाई पाहिली आणि तिथून पेशवाई गेली. धनी गेल्यावर तळ्याची निगा कोण राखणार? गाळ काढायचा तर खर्च, बांध दुरुस्त करायचा तर खर्च. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचं धरण झालं, मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून गेला आणि शहराचं पाणी दुसऱ्याच वाटेने यायला लागलं. पुढे तळं आटलं, उपसलं, भरलं गेलं. 1953 मध्ये त्या पात्रात पेशवे उद्यान झालं आणि एप्रिल 1956 मध्ये फुलराणी, ही मुलांची छोटी आगगाडी, सुरू झाली. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तळ्याच्या तळावरून आगगाडीने प्रवास केला आहे, फक्त तिकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. पेशवे उद्यानातली जनावरं 1999 मध्ये कात्रजला हलवली. म्हणजे ज्या ओढ्याचं पाणी इथे येत होतं, त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ती जाऊन राहिली. हा योगायोग मला फार आवडतो.

देवळाबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवं. आज आपण पाहतो ते देऊळ जसंच्या तसं 1784 चं नाही. शिखर, सभामंडप, संगमरवर, सगळ्याला वेळोवेळी हात लागला आहे. मूर्तीही एकाहून अधिक वेळा बदलली आहे. काहींना यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही, कारण पूजा चालू असलेलं देऊळ बदलणारच. बदलली नाही ती जागा. चौथरा आहे तिथेच आहे, त्या तेवीस गुंठ्यांच्या तुकड्यावर. देऊळ जुनं म्हणायचं तर त्याच्या पायामुळे. आणि त्या पायाला अर्थ येतो तो भोवतीच्या पाण्यामुळे. पाण्याची आठवण काढून घेतली तर उरतं एक नवं-जुनं देऊळ, जसं कुठल्याही उपनगरात असतं.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, फराहबागेचा महाल आहे. निजामशाहीतला, 1583 साली पुरा झालेला, अष्टकोनी, आणि तोही भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध. तलाव तिथेही कोरडा आहे. महालाची पडझडही झाली आहे. पण तिथे उभं राहिलं की समजतं : भोवती पाणी होतं, इथवर होतं, यायचं तर नावेतून. याचं कारण भोवतीची जमीन मोकळी राहिली. पुण्यात शहर अंगावर आलं, तेव्हा ते शक्यच नव्हतं, आणि मी त्याचा दोषही कुणाला देत नाही. तळं गेलं म्हणून बाग झाली, आणि बाग झाली म्हणून संध्याकाळी म्हातारीकोतारी, नोकरी शोधणारी पोरं, स्वारगेटला उतरून गाडीची वाट पाहणारी बाहेरगावची कुटुंबं, सगळ्यांना बसायला हिरवळ मिळाली. ती खणून पुन्हा पाणी करा असं म्हणणारा माणूस संध्याकाळी सारसबागेत कधी गेला नसणार.

मग माझं म्हणणं काय? तळ्याचा काठ जमिनीवर दाखवा.

जुने नकाशे आहेत, पर्वतीवरून आणि आजूबाजूने काढलेली चित्रं, छायाचित्रं आहेत, उतार मोजता येतात. त्यांवरून पाण्याची जुनी कड जिथे होती तिथे काळ्या दगडाची वीतभर रुंद पट्टी बसवा. बागेच्या वाटांवर, पेशवे उद्यानात, पदपथावर. रस्ता आडवा येईल तिथे डांबरात एक पितळी खूण पुरेल. लोक चालता चालता ती पट्टी ओलांडतील आणि त्यांना कळेल की आपण आता तळ्यात उतरलो. देवळाजवळ दुसरी पट्टी, बेटाच्या काठाची. म्हणजे पोहोचलो बेटावर. यासाठी प्रवेशद्वार नको, कमान नको, ध्वनी-प्रकाश खेळ तर मुळीच नको. पुणं हे पाट्यांचं शहर आहे. आपण थोरामोठ्यांच्या वास्तूंवर निळ्या पाट्या लावल्या, त्या चांगल्याच झाल्या. पण तळं कुठल्याही एका भिंतीवर मावत नाही, म्हणून त्याला पाटी मिळत नाही. त्याला रेघच हवी.

आणि एक फलक पर्वतीच्या पायऱ्यांवर, वळणावर जिथे माणसं दम खायला थांबतात तिथे. समोरचं आजचं दृश्य आणि त्यावर तळ्याची रेषा, एवढंच.

हा निव्वळ हौसेचा मामला आहे असं मलनिस्सारण विभागाला वाटेल, म्हणून त्यांचं नाव मी मुद्दाम वर घातलं आहे. 27 सप्टेंबर 2018 ला पर्वतीच्या पायथ्याशी कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत भर दिवसा पाणी शिरलं. त्यानंतर वर्षही पुरतं झालं नव्हतं, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढा कोपला. वीसहून अधिक माणसं गेली. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. दोन्ही घटनांची कारणं वेगळी. एक कालव्याची, दुसरी ढगफुटीसारख्या पावसाची आणि आवळलेल्या ओढ्याची. पेशव्यांचं तळं असतं तर हे झालं नसतं, असला दावा मी करणार नाही. तेव्हाचं शहर केवढं, आजचं केवढं. पण डोंगर तोच आहे, उतार तोच आहे, आणि पाणी उतरून येण्याची दिशाही बरीचशी तीच. अठराव्या शतकात कुणीतरी हा उतार पाहून ठरवलं होतं की इथे पाण्याला थांबायला जागा लागेल. ती जागा कुठवर होती याचा नकाशा फक्त इतिहासाच्या अभ्यासकाकडे असून भागत नाही. तो ओढ्याच्या आणि पावसाळी गटारांच्या फायलीतही हवा. नवं बांधकाम, वाहनतळ, सुशोभीकरण, काहीही या पट्ट्यात करताना तो समोर असावा, आणि खोदकामात जुना बांध किंवा नळ लागला तर ठेकेदाराने तो रातोरात फोडून मोकळं होऊ नये.

अडचण कुठे आहे ते मला दिसतं. देऊळ श्री देवदेवेश्वर संस्थान सांभाळतं. बाग उद्यान विभागाकडे आहे. ओढा मलनिस्सारणाकडे. कालवा तर महापालिकेचाच नाही, तो जलसंपदा विभागाचा. प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं काम करतोही आहे. गणपतीला स्वेटर वेळेवर मिळतो, हिरवळ कापली जाते, पावसाळ्याआधी ओढ्यातला राडारोडा थोडाफार निघतो. हे चारही तुकडे ज्या एका गोष्टीचे होते, ती गोष्ट मात्र कुणाच्याच खात्यावर नाही. ज्याला खातं नाही त्याला अंदाजपत्रकात ओळ नाही, आणि ज्याला ओळ नाही ते हळूहळू नव्हतंच असं होऊन जातं. माझी खरी तक्रार असेल तर ती एवढीच.

कोणी म्हणेल, रस्त्यांतले खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि या बाईंना बुजलेला खड्डा दाखवून हवाय. खरं आहे. पण या कामाचा खर्च एखाद्या चौकातल्या कारंज्यापेक्षा फार होऊ नये. आणि कारंजी आपण किती बांधली, त्यांतली किती चालतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : रेघ नेमकी कुठे आखायची यावर अभ्यासकांचं एकमत झालं नाही तर? नाही होणार बहुधा. तळ्याची कड पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी असते, हे तर शाळेतल्या मुलालाही कळतं. जिथे खात्री आहे तिथे सलग दगड बसवा, जिथे अंदाज आहे तिथे तुटक. नकाशात आम्ही अशीच रेषा काढतो आणि कोणी तक्रार करत नाही.

सुरुवात करायची तर मे महिन्यात करा. झाडी विरळ असते, उतार डोळ्यांना दिसतो. वारसा विभागातलं एक माणूस, उद्यान विभागातलं एक, मलनिस्सारणातला एक अभियंता, संस्थानचा एक प्रतिनिधी आणि जुने नकाशे वाचता येणारा एक अभ्यासक, एवढे पाच जण सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी जमले तरी दोन तासांत निम्मा काठ चालून होईल. खडूच्या पुडीने तात्पुरती रेघ मारून ठेवा. ती पाहून फिरायला येणारे लोक स्वतःच विचारतील, वाद घालतील, आपल्या आजोबांनी काय सांगितलं होतं ते सांगतील. त्या गोष्टी लिहून घ्यायला माझ्या काही माजी विद्यार्थिनी तयार आहेत आणि त्यांना मानधन नको.

या पत्राची एक प्रत देवदेवेश्वर संस्थानला आणि एक जलसंपदा विभागाला पाठवते आहे. उत्तर कोणत्या विभागाने द्यायचं हे आपापसांत ठरलं की कळवावं.

आपली,
पर्वती पायथ्याजवळ राहणारी एक निवृत्त शिक्षिका